दुकानासमोरची जागा

बाबांच्या गाडीवरचा दंड माझ्या मोबाइलवर आला, तेव्हा मी नांदेडच्या एका खासगी दवाखान्यात मायच्या खाटेजवळ बसलो होतो. गाडी बाबा चालवतात, पण ती माझ्या नावावर आहे. लातूरच्या कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायला लागल्यावर मी घेतलेली ती पहिली मोठी वस्तू, आणि ती मी कंधार तालुक्यातल्या आमच्या गावी बाबांसाठीच घेतली होती. त्यामुळे गाडीचं काहीही झालं तरी सरकारी निरोप मला येतो.

निरोप छोटा होता. नो पार्किंग, गाडीचा नंबर, दंड आणि खाली एक लिंक. ती उघडली तर फोटो दिसला. बाजारातला रस्ता, एका दुकानाच्या ओट्याला लावलेली आमची गाडी आणि हँडलखालच्या हुकाला अडकवलेली मायची कापडी पिशवी. दंडाचं मला काही वाटलं नाही. त्या पिशवीत एक प्लास्टिकची डबी होती आणि डबीत मायच्या गालाच्या आतून कापलेला तुकडा होता.

मायला लहानपणापासून मिश्री लावायची सवय. गालाच्या आत चट्टा आला तेव्हा ती आधी तुपाचं बोट फिरवत राहिली, मग लवंग धरत राहिली, आणि भाकरी गिळता येईना तेव्हा कुठे बोलली. डॉक्टरांनी बघून सांगितलं की तुकडा तपासायला पाठवावा लागेल, त्याशिवाय काही म्हणता येणार नाही. तिला सुईचीसुद्धा भीती. टेबलावर जाण्याआधी तिनं मला तीन-तीनदा विचारलं, एकदाच ना? मी म्हणालो, एकदाच.

तुकडा काढून झाल्यावर नर्सबाईंनी डबी आमच्या हातात दिली. नमुना नातेवाइकांनीच तपासणीच्या लॅबमध्ये नेऊन द्यायचा, अशीच तिथली पद्धत. लॅब बाजारात होती. मी निघालो होतो, पण मायनं माझा हात सोडला नाही. तोंडात कापूस असल्यामुळे तिला बोलता येत नव्हतं. बाबा म्हणाले, तू बस तिच्यापाशी, त्या गल्लीत आपलं बियाण्याचं दुकान हाय, मला रस्ता माहीत हाय. ते गेले आणि ती झोपी गेली. मग हा निरोप आला.

बाबांचा फोनही लगेच आला. ते एवढंच म्हणाले, "गाडी उचलून नेली रे. पिशवी बी गेली." शेजारच्या खाटेवरच्या बाईंना मायकडे लक्ष ठेवायला सांगून मी ऑटोनं बाजारात गेलो.

बियाण्याच्या त्या दुकानाशी आमचा संबंध आजोबांपासूनचा. आमच्याकडची माणसं शहरात गाडी कुठे लावतात हे शहरातल्या लोकांना सांगून पटणार नाही. आम्ही पाटी बघत नाही, पट्टे बघत नाही. आम्ही ओळखीचं दुकान बघतो. त्याच्या ओट्याला गाडी लावायची, आत जाऊन रामराम करायचा, 'गाडीवर नजर असू द्या' म्हणायचं, की गाडी घरी लावल्यासारखी. मी नांदेडला कॉलेजात होतो तेव्हा माझा डबासुद्धा असाच यायचा. माय तो एसटीच्या ड्रायव्हरजवळ द्यायची, आणि स्टँडाजवळच्या एका चहावाल्याच्या ओळखीवर तो माझ्यासाठी ठेवलेला असायचा. त्या डब्यावर मी पदवीपर्यंत पोचलो. घरात पदवी घेणारा मी पहिला. ओळखीवर सोडलेली वस्तू जागेवर सापडते, हे आम्ही असं शिकलो होतो.

बाबा ओट्यावर उभे होते. गाडी जिथे होती त्या जागेकडे बघत होते. दुकानदार वयानं बाबांएवढेच. ते माझ्याकडे न बघता सांगत होते की त्यांनीच बाबांना चहाला बसवलं, नको म्हणत असताना बसवलं. गाड्या उचलणाऱ्या ट्रकच्या भोंग्यावर आवाज आला होता, पण भोंगा रोजच ओरडतो, आणि गाडी तर आपल्याच दुकानासमोर.

मी विचारलं, पिशवी आत का नेली नाही.

बाबा खाली बघून म्हणाले, "त्यांची बोहनी व्हायची होती."

मला कळलं. पेरणीचे दिवस नव्हते, दुकान नुकतंच उघडलं होतं, एकही गिऱ्हाईक झालेलं नव्हतं. अशा वेळी माणसाच्या अंगातून कापलेलं मांस दुसऱ्याच्या उंबऱ्याच्या आत न्यायचं, हे बाबांच्यानं झालं नाही. आणि ज्यांच्या दारात गाडी लावली त्यांना रामराम न करता पुढे जायचं, हेही झालं नाही. म्हणून त्यांनी पिशवी हुकाला ठेवली आणि हात जोडायला रिकाम्या हातानं आत गेले. दुकानदारांना हे तेव्हा पहिल्यांदा कळलं.

नियमाची पाटी मी शोधली. खांबावर होती, पण दुकानानं विकायला टांगलेल्या फवारणीच्या पंपांमागे. सम तारखेला समोरच्या बाजूला गाड्या लावायच्या, विषम तारखेला दुकानाच्या बाजूला. रस्त्यावर पांढरा पट्टा, पट्ट्याच्या आत गाडी. बाहेर किंवा चुकीच्या बाजूला असली तर दंड, आणि उचलून नेली तर उचलण्याचा खर्च वेगळा. मी वर्गात समजावतो तसं ते बाबांना समजावलं. त्यांनी ऐकलं. त्या दिवशी सम तारीख होती. बाबांना वार माहीत होता, तारीख नव्हती. नियम वाईट नव्हता. रस्ता अरुंद होता, आणि त्या रस्त्यावरून दवाखान्यात जाणारी माणसंही होती.

वाहतूक शाखेच्या आवारात गेलो तर गाडी अजून आलेली नव्हती. ती उचलणाऱ्या ट्रकवरच होती, आणि ट्रक भरेपर्यंत बाजारात फिरत राहणार होता. टेबलाशी बसलेल्या हवालदारांनी बाबांचं लायसन पाहिलं. गाडीचे कागद माझ्या मोबाइलमध्ये होते, दंडही मी तिथूनच भरला. मी म्हणालो, गाडी राहू द्या, फक्त पिशवी मिळवून द्या. त्यांनी विचारलं, काय आहे पिशवीत. बाबा माझ्या आधी म्हणाले, दवाई हाय.

"दवाई दुसरी घ्या ना मामा," हवालदार म्हणाले. "ट्रक काय पिशवीसाठी परत बोलवू?"

मग मला सांगावं लागलं. परक्या माणसांसमोर, रांगेतल्या लोकांसमोर, मायच्या तोंडातून काय कापलं ते. बाबांनी तोंड फिरवलं. हवालदारांनी लगेच ट्रकवाल्याला फोन लावला. पलीकडून उत्तर आलं की अशा पुष्कळ पिशव्या असतात, आणि आमची गाडी सगळ्यात खाली गेलीय. हवालदारांनी त्याला शिवी दिली, सरळ परत ये म्हणाले. दंडाबद्दल त्यांनी आपणहून सांगितलं की एकदा यंत्रात चढल्यावर तो त्यांच्याही हातात राहत नाही. मी दंडाचं विचारलंच नव्हतं. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, म्हणून ते बोलले असावेत.

आम्ही भिंतीच्या सावलीत थांबलो. रांगेत एक पोरगा हवालदारांना सांगत होता की तो फक्त मोबाइलचं कव्हर घ्यायला उतरला होता, आणि मागचा एक जण त्याला म्हणाला, कव्हर गाडीलाच घालायचं होतं मग. लोक हसले. बाबाही कसनुसे हसले. मग मला हळूच विचारलं, उन्हात त्याला काही होतं का? तुकड्याला, असं ते म्हणाले नाहीत. मी म्हणालो, डबीत औषध आहे, काही होत नाही.

ट्रक आला. गाड्या एकावर एक रचल्यासारख्या होत्या. त्या उतरवून आमची निघेपर्यंत हवालदार स्वतः उभे राहिले. हुकाला पिशवी नव्हती. ती ट्रकच्या तळाशी सापडली, दुसऱ्या कुठल्यातरी गाडीच्या स्टँडखाली. डबी मधोमध फुटली होती. औषध पत्र्यावर सांडून केव्हाच वाळलं होतं, त्याचा उग्र वास तेवढा येत होता. तुकडा पिशवीच्या कापडाला चिकटला होता, सुकलेल्या चिंचेच्या सालीसारखा. हवालदारांनी पिशवी दोन बोटांनी उचलली, मग काय वाटलं कोण जाणे, दोन्ही हातांवर धरून बाबांना दिली.

आम्ही तरीही लॅबमध्ये गेलो. या वेळी बाबा गाडीजवळ थांबले. लॅबमधल्या माणसानं कापड उलगडून पाहिलं आणि मान हलवली. वाळलाय, माती लागलीय, यावर काही सांगता येणार नाही. नवा नमुना आणा, म्हणाला. त्यात त्याची काही चूक नव्हती. त्याच्या समोर दिवसभर अशा डब्या येत असतील.

मायला कसं सांगायचं ते मी वाटेत जुळवत होतो. पण दवाखान्यात बाबा सरळ तिच्या पायाशी बसले आणि त्यांनीच सगळं सांगितलं. दुकान, चहा, दंड, ट्रक. काही लपवलं नाही. तिच्या तोंडातला कापूस तोवर काढला होता. ती गालावर हात ठेवून ऐकत होती.

"म्हंजे आता माझ्या तोंडाला बी दंड लागला व्हय?" ती म्हणाली.

शेजारच्या बाई हसल्या. बाबांनी मान वर केली नाही. ते म्हणाले, मी आत न्यायला पायजे होतं. तेव्हा माय जे बोलली ते मी विसरू शकलेलो नाही. तिचा आवाज अगदी साधा होता. ती म्हणाली, "बोहनीच्या आधी कसं नेणार? मी असते तर म्या बी नेलं नसतं."

मला वाटलं, आता ती पुन्हा टेबलावर जाईल. डॉक्टर त्याच दिवशी करायला तयार होते, त्यांनी पैसेही घेणार नाही म्हणून सांगितलं. पण माय नाही म्हणाली. एकदाच म्हणाला होतास, असं ती मला म्हणाली नाही. ती एवढंच म्हणाली, एकडाव दिलं, आता न्हाई. मी समजावलं, नर्सबाईंनी समजावलं. बाबा एक शब्द बोलले नाहीत. तिला पुन्हा कापून घे म्हणायचा आपला हक्क गेला, असं त्यांनी धरलं होतं. दुपारी ती कंधारच्या एसटीत बसली आणि बाबा गाडीवर एसटीच्या मागे मागे गेले.

पुढचे महिने मी लातूरहून रोज फोन करायचो. बरं हाय, असं उत्तर यायचं. दिवाळी झाली, कापूस वेचून झाला. एका रविवारी गावी गेलो तर ती वरणात भाकरी कुस्करून, तीही गाळून, वाटीनं पीत होती. गाल बाहेरून सुजला होता. तेव्हा ती स्वतःच चल म्हणाली. या वेळी तुकडा लातूरला काढला आणि डबी मी दोन्ही हातांत धरून चालत नेली. अहवाल आला. त्यात जे लिहिलं होतं ते लातूरच्या डॉक्टरांनी गाल पाहूनच ओळखलेलं होतं.

मग शेक, म्हणजे रेडिएशन, सुरू झाले. मायबाबा माझ्याकडे राहायला आले. रोज सकाळी बाबा तिला गाडीवर दवाखान्यात आणायचे, मी कॉलेज सांभाळून मागून यायचो. दवाखान्याला पार्किंग होतं, पावती मिळायची, राखणदार होता. मी बाबांना ते सगळं दाखवलं. ते हो म्हणायचे आणि गाडीवरच बसून राहायचे. ऊन असलं तरी. आत या म्हटलं तर म्हणायचे, तू हायस ना तिच्यापाशी. राखणदार त्यांची थट्टा करायचा, मामा, तुमची गाडी पळून जात नाही, पाय फुटलेत काय तिला? बाबा हसायचे आणि जागेवरून हलायचे नाहीत. आत माय शेकाची पाळी येईपर्यंत बाकावर बसायची. तिला बोलणं जड जात होतं. ती भुवया उंचावून दाराकडे बघायची आणि मी सांगायचो, हाव, बाहेरच हायत.

शेवटच्या शेकानंतर डॉक्टरांनी घरच्यांना बोलावलं. मी एकटाच वर गेलो. गाठी गळ्यात उतरल्या आहेत, म्हणाले. आता आणखी त्रास देण्यात अर्थ नाही. घरी न्या, जे गिळता येईल ते द्या, दुखायला लागलं तर गोळ्या आहेत. मी त्यांना विचारलं, पहिल्या वेळी नमुना गेला असता तर? त्यांनी चष्मा काढला, पुसला. ते नक्की सांगता येत नाही, म्हणाले.

खाली आलो. बाबा गाडीवर बसले होते. मी त्यांना डॉक्टरांचं सगळं सांगितलं, जसं त्यांनी सांगितलं तसंच. ते रस्त्याकडे बघत ऐकत राहिले. मग त्यांनी तोच प्रश्न विचारला जो मी वर विचारला होता.

"नक्की सांगता येत नाही म्हणाले," मी म्हणालो.

"म्हंजे हाव," बाबा म्हणाले.

मी काही बोलणार तोच ते गाडीवरून उतरले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ते गाडी तिथे सोडून आत गेले. काचेच्या दारातून मला दिसलं, माय बाकावर एकटी बसली होती. ते तिच्याजवळ बसले. तिनं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग बाहेर, गाडी कुठे आहे ते बघायला. मी गाडीजवळ उभा आहे हे दिसल्यावर तिनं नजर वळवली.