सव्वासातच्या गाडीचा डबा

माझी बहीण दिपमाला माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान आणि अकलेनं दोन इयत्ता पुढे. हे मी आज कबूल करतो. तेव्हा केलं असतं तर काही नाक कापलं गेलं नसतं.

आमचं गाव एरंडोल आणि अमळनेरच्या मध्ये, फाट्यापासून किलोमीटरभर आत. आबा दीपनगरला ठेकेदाराकडे कामाला, पंधरा दिवसांनी घरी यायचे. घरी आई आणि दिपमाला. मी जळगावला खोली करून इंजिनिअरिंग शिकत होतो. आमच्याकडे खोलीवर राहणाऱ्या पोरांचा डबा एसटीनं येतो. घरचं माणूस फाट्यावर कंडक्टरच्या हातात डबा देतं. जळगावच्या स्टँडवर ड्रायव्हरच्या मागे डब्यांची रांग लागलेली असते, त्यातून ज्याचा त्यानं ओळखून घ्यायचा. आई सहाच्या गाडीवर डबा देऊन तशीच शेतात जायची.

दिपमाला बारावी सायन्सला, अमळनेरला. गल्लीत कोणाला लागलं, खरचटलं की ही कापूस आणि हळद घेऊन सगळ्यांच्या आधी हजर. सातवीत तिनं नर्स होणार म्हणून सांगितलं आणि पुन्हा कधी बदललं नाही. मी तेवढ्या काळात चार वेळा बदललं होतं. बेडकाचं पोट उघडलेलं चित्र ती इतकं नेटकं काढायची की आई त्या वहीजवळ भाकरी खात नसे. पावणेसातच्या गाडीनं गेलं तरच तिला साडेसातचं बायोलॉजीचं प्रॅक्टिकल मिळायचं.

ऑगस्टमध्ये आमच्या कॉलेजात वेळेच्या नियोजनावर व्याख्यान झालं. पाहुणे म्हणाले, सकाळचे पहिले दोन तास स्वतःचे, ते कोणालाही देऊ नका. मला एकदम पटलं. स्वतःच्या सोयीचं मला नेहमी लवकर पटतं. त्या रात्री मी तीन रंगांच्या स्केचपेननं वेळापत्रक केलं. पण सहाच्या गाडीचा डबा सव्वासातला जळगावला पोचायचा आणि तो आणायला माझे दोन तास मधोमध मोडायचे. मी घरी फोन लावला. तो दिपमालानं घेतला.

"मायले सांग, डबा सव्वासातनी गाडीवर देत जाय. मना अभ्यास मोडस."

ती म्हणाली, "माय तं तवय वावरमा ऱ्हास. बरं भाऊ, मी देसू."

तिची गाडी पावणेसातची आहे हे मी विसरलो होतो, असं म्हणायची सोय मला नाही. मीच त्या गाडीनं दोन वर्षं अमळनेरला गेलो होतो. मला आठवलंही. तिचं ती बघेल, असं मनात म्हणून मी फोन ठेवला.

तिनं बघितलंच. कॉलेजची वेळ दहाची झाली, असं आईला सांगून टाकलं. सव्वासातला डबा द्यायची आणि आठच्या गाडीनं अमळनेरला जायची. तोवर प्रॅक्टिकल आटोपत आलेलं असायचं. डबा मात्र एक दिवस चुकला नाही. भाजी सांडू नये म्हणून जुन्या ओढणीच्या फडक्यात घट्ट बांधलेला असायचा. साडेआठला स्टँडवरून तो उचलायचा आणि तसंच कॉलेजला जायचं, इतकं माझं बेतलेलं होतं. मला त्या सेमिस्टरला डिस्टिंक्शन मिळालं. सरांनी माझं वेळापत्रक नोटीस बोर्डावर लावलं. मी पहिल्या वर्षाच्या पोरांना उभं करून शहाणपण शिकवू लागलो.

फेब्रुवारीत एका शनिवारी मी घरी गेलो. मार्क दाखवायचे होते. सकाळचे दहा वाजलेले आणि दिपमाला ओट्यावर बसून ज्वारी निवडत होती.

"आज कॉलेज नही का?"

"आज प्रॅक्टिकलनी परीक्षा शे," ती म्हणाली. सुपातले खडे ती काढतच होती. "सरनी बसू नही दिधं. जर्नलमा चारच सह्या व्हत्या."

मी खुळ्यासारखं विचारलं, चारच का.

"त्या जुलै महिनान्या. मंग मी प्रॅक्टिकलले कवय गऊ?"

बायोलॉजी गेली म्हणजे यंदाचं नर्सिंग गेलं. पुढच्या वर्षी पुन्हा बसवायला आबा तयार होतील का, हे तिलाही माहीत नव्हतं आणि मलाही. घरात तिला बघायला येणाऱ्या पाहुण्यांचा विषय निघू लागला होता. ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. मी अपराधी होतो आणि ती मला तसं म्हणतही नव्हती. पिशवीतली मार्कशीट मी बाहेर काढली नाही. ज्यांच्या जोरावर ते मार्क आले होते, ते दोन तास माझे कधीच नव्हते.

शेवटी मला सुचलं ते इतकंच. "सोमवारपाईन डबा सहानी गाडीवर देत जाय. मी उठसू लवकर."

तिनं पहिल्यांदा वर पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता.

"आते कसाले, भाऊ? माले सकायमा कोठे जानं शे आते?"

सोमवारी डबा सव्वासातच्याच गाडीनं आला. फडकं तसंच घट्ट बांधलेलं होतं. मी तो तसाच परत पाठवायचं ठरवलं होतं. पण दुपारी भूक लागली आणि मी तो सगळा खाल्ला.