वगळलेली चाचणी

अक्षदा नार्वेकर प्रभादेवीच्या सॉफ्टवेअर कंपनीत नक्की काय करते, हे लालबागच्या त्यांच्या चाळीत एकट्या दत्ताराम काकांना ठाऊक होतं. बाकीच्यांसाठी ती 'कॉम्प्युटरवाली'. काकांनी मात्र एकदा गॅलरीत खुर्ची ओढून नीट विचारून घेतलं होतं. ते डायलिसिसला जात, त्या केंद्रातल्या पाळ्या अक्षदाच्याच कंपनीच्या सॉफ्टवेअरवर लागायच्या.

"आमची मुलं कोड लिहितात," अक्षदाने सांगितलं होतं, "आणि एका सामाईक जागी ठेवतात, तिला रिपॉझिटरी म्हणतात. ठेवला रे ठेवला की माझी पाइपलाइन आपोआप सुरू होते. सगळे भाग जोडते, चाचण्या घेते. एक जरी चाचणी नापास झाली की लाल. मग तो कोड हॉस्पिटलपर्यंत जातच नाही."

"म्हणजे तू आसस तवसर माका भियाक नको," काका हसून म्हणाले होते.

तिलाही ते आवडलं होतं. डिप्लोमा करून लागली तेव्हा ती हाताने बटणं दाबून सॉफ्टवेअर तपासायची. नवीन आवृत्ती चढवायची म्हटली की ऑफिसात धावपळ, कुणीतरी एखादी फाइल विसरायचं आणि शिव्या हिला. मग पाइपलाइन बांधायला ती आपली आपण शिकली. त्या पाइपलाइनच्या फाइलींचा स्वभाव विचित्र, ओळ एक घर सरकली तरी सगळं अडून बसतं. डोळे फुटेस्तोवर त्यांच्याशी झगडून तिने एकेक करत कंपनीच्या सगळ्या रिपॉझिटऱ्या पाइपलाइनवर आणल्या. लग्नाचं राहून गेलं म्हणून आई कुरकुरायची. अक्षदाला स्वतःला आयुष्यात काही राहून गेल्यासारखं वाटत नव्हतं.

एका शुक्रवारी डायलिसिसची पाइपलाइन लाल झाली. केंद्राने सुट्टीमुळे पाळी बदलली, तर पेशंटचं नाव नव्या पाळीत जातं का, हे पाहणारी चाचणी नापास झाली होती. पुन्हा चालवली तर पास. पुन्हा चालवली, नापास.

तिचा मॅनेजर हितेंद्र मागे येऊन उभा राहिला. "फ्लेकी आहे ती, अक्षदा. लहरी. स्किप टाक आणि जाऊ दे. क्लायंट डोक्यावर बसलाय."

"कधीकधी नापास होते म्हणजे कधीकधी खरंच चुकत असेल ना? मला सोमवारपर्यंत बघू दे."

"यार, सोमवारी बघ ना, कोण नाही म्हणतंय? पण आज सोड."

ती तरीही थोडा वेळ बसून राहिली. मग तिने ती चाचणी वगळायची ओळ लिहिली. पाइपलाइन हिरवी झाली. हितेंद्रने खांद्यावर थाप मारली आणि सगळे चहाला गेले.

शनिवारी ती मावशीकडे बदलापूरला गेली होती. रविवारी संध्याकाळी परतली, तेव्हा चाळीत काकांच्या दाराशी चपलांचा ढीग होता.

आत काकांची बायको, चंपाकाकू, भिंतीला टेकून बसल्या होत्या. अक्षदाला पाहताच त्यांनी तिचा हात धरला. "सुट्टी म्हणान पाळी बदललली. काल गेलो तर परत पाठवल्यानी गे. नाव दिसणा नाय म्हणाले, मशीन रिकामी नाय, सोमवारी येवा म्हणाले. मी म्हटलं, भांडा. तर हे म्हणाले, अक्षदाच्या हापिसातला आसा ता, ता चुकाचा नाय. आमचाच कायतरी चुकला असतला." काकू थांबल्या. "आज सकाळी श्वास घेवक येयना."

अक्षदा त्यांच्याशेजारी खाली बसली.

सोमवारी तिने कोड उघडला. पाळी बदलताना दोन कामं एकाच वेळी सुरू व्हायची. जुन्या पाळीतून नाव काढायचं काम आधी संपलं, तर नवीन पाळीत टाकायला नावच उरायचं नाही. चाचणी तेवढंच ओरडून सांगत होती. दुरुस्ती अगदी छोटी निघाली. ती तिने केली आणि हितेंद्रच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. काकांचंसुद्धा.

त्याने उठून केबिनचं दार लावून घेतलं. "आजारी माणूस होता, अक्षदा. कशाने गेला ते आपल्याला काय माहीत? आणि ओळ तू लिहिलीस असं मी कुठे बोलणार नाही. घाबरू नकोस."

"मी घाबरले नाहीये," ती म्हणाली. पण तो फोनवर बोलू लागला होता.

तिने केंद्राला मेल लिहिली. 'तक्रार नोंदवली आहे,' असं आपोआप उत्तर आलं. पुढे काही नाही. आईला सांगितलं, तर आई म्हणाली, "उगाच काहीतरी डोक्यात घेऊ नकोस. त्यांचं आयुष्यच तेवढं." राजीनामा लिहून तिने दोनदा पुसला. कुणी कोड टाकला की पाइपलाइन चालायची, हिरवी व्हायची, आणि त्या हिरव्या रंगाकडे तिला बघवेनासं झालं. झोप लागली तरी दचकून जाग यायची.

शेवटी ती काकूंकडे गेली. त्यांच्यासमोर जमिनीवर बसून तिने सांगितलं, "काकू, माझ्यामुळे झालं. चूक दिसत होती. मीच ती तपासणी बंद केली."

काकूंनी ऐकून घेतलं. त्यांना किती कळलं कोण जाणे. "तू कित्याक असा करशीत?" त्या म्हणाल्या आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तो हात तिला सहन होईना. त्या रागावल्या असत्या, घराबाहेर काढलं असतं, तर तिला कुठेतरी टेकता आलं असतं.

मग काकूंनी उशीजवळचा काकांचा फोन तिच्या हातात दिला. "ह्या एक काम कर गे बाय. हे मेसेज अजून येतत. तेवढे बंद कर."

अक्षदाने पाहिलं. दुरुस्ती चढवल्यापासून काकांच्या नावाची एकही पाळी चुकली नव्हती. 'दत्ताराम, उद्या सकाळी आपली डायलिसिसची वेळ आहे. कृपया वेळेवर यावे.'

फोन हातात घेऊन ती तिथेच बसली. काकू चहा टाकायला उठल्या.