समुद्रकाठी साताऱ्याची वेळ

अगं शके, इकडे फोनजवळ ये. कुकरखालचा गॅस बंद कर, चष्मा लाव आणि नीट बस. मी रागावलेय तुझ्यावर. भाचीने फोन करून सांगितलं, "मावशी, आई जहाज चुकवून बेटावरच राहणार होती," आणि तू "अगं बाई!" म्हणून मोकळी. सख्ख्या बहिणीला एका शब्दाने विचारलंस? लहानपणी बरणीतले लाडू तू खायचीस आणि मार मला बसायचा, तेव्हापासून एकाच बाजूचं ऐकायची सवय आहे आपल्या घराला. आता माझी बाजू ऐक. पूर्ण ऐक, मध्ये उठू नकोस.

मागच्या हिवाळ्यात मी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये बर्फावरून घसरले आणि मनगट प्लास्टरमध्ये गेलं, ते तुला माहीत आहेच. तेव्हापासून मनूने एकच धोशा लावला होता: टोरंटोतल्या स्कारबरोचा कांडो (म्हणजे फ्लॅटच गं, फक्त कमिटीच्या नोटिसा जास्त) विकून टाक आणि तिकडे क्वेबेकमध्ये, लव्हालला आमच्या बेसमेंटमध्ये राहायला ये. बेसमेंट वाईट नाही. नवीन फरशी, वेगळं वॉशरूम, हीटिंग. खिडकीसुद्धा आहे. तिच्यातून शेजाऱ्यांचे बूट दिसतात. पण शके, इथे लिफ्टमध्ये मला चार माणसं ओळखतात, खालचा ग्रोसरीवाला माझ्यासाठी कढीपत्ता बाजूला काढून ठेवतो. तिकडे बूट बघून मी कुणाला हाक मारणार?

मग मनूने ही क्रूझ काढली. जावई आणि नातू घरी, आम्ही दोघी मायलेकी जहाजावर. निघालो त्या दिवशी पहाटे गाडी बाहेर काढायला अर्धा तास बर्फ शोव्हल करावा लागला. फ्लोरिडात उतरलो तर ऊन! ते जाड कोट मग आम्ही झोपलेल्या पोरांसारखे खांद्यावर टाकून बंदरापर्यंत नेले. जहाज म्हणजे आडवी पडलेली बिल्डिंगच. नुसत्या जेवणाच्या जागा किती! पहिल्या दिवशी मी वाट चुकून तीनदा त्याच गोड पदार्थांच्या टेबलाशी पोचले. मनूला ते चुकणं वाटलं. असू दे.

दुसऱ्या दिवशी दुपारी डेकवर बेसमेंटचा विषय पुन्हा निघाला. मी म्हटलं, "मनू, मी एकटी राहू शकते."

"आई, तू एकटी पार्किंगपर्यंत जाऊ शकली नाहीस."

लागलं मला ते. मी म्हटलं, "उद्या जहाज बेटाला लागणार ना? मी एकटी उतरते. माझा बीच मी निवडते, एकटी जाते, एकटी परत येते. तू मदत करायची नाही, मागे यायचं नाही. वेळेवर परत आले तर बेसमेंट हा शब्द पुन्हा काढायचा नाही."

"आणि नाही आलीस तर?"

"तर पाडव्याची गुढी लव्हालला उभारू."

टाळी दिली तिने. तिचा हात थंडगार होता, पण ते मला नंतर आठवलं.

आता इथे माझ्या घड्याळाचं सांगायला हवं. माझ्या डाव्या हातातलं घड्याळ तेवीस वर्षं भारताच्या वेळेवर आहे. तुझ्याशी बोलायची वेळ चुकू नये, तू आत्ता चहा पितेस की झोपलीयस ते कळावं, म्हणून. इथली वेळ बघायची झाली तर हिवाळ्यात त्यात दीड तास मिळवायचा आणि तुमच्या रात्रीचा आमचा दिवस करायचा. साधा हिशोब, आजवर एकदाही चुकलेला नव्हता. त्या संध्याकाळी खोलीत उशीवर एक छापील कागद ठेवलेला होता. कागद चांगला जाड होता, मी त्यात वेलदोडे बांधून पर्समध्ये टाकले.

सकाळी बेट दिसलं. शके, रंग काय सांगू, मोरपिशी लुगडं कुणीतरी वाळत घातलंय असं पाणी! बेटाचं नाव सांगत नाही, नाहीतर तू नेटवर बघून मलाच शिकवशील. जहाजातून उतरताना पाटी होती: परत यायची शेवटची वेळ साडेचार, पाचला जहाज सुटेल. मनूने माझ्या हातात यादी कोंबली. तीन बीच, तिने मार्क देऊन ठेवलेले. पहिला हॉटेलचा, आरामखुर्च्या, वायफाय, धरायला कठडा. दुसरा, तोंडाला नळी लावून मासे बघायचा. तिसरा, नुसते बार. त्यापुढे लाल फुली.

यादी मी वेलदोड्यांशेजारी ठेवली.

बाहेर टॅक्सीवाल्यांचा गलका. प्रत्येकाचा बीच जगातला सर्वांत सुंदर. मी प्रत्येकाला एकच विचारलं, "तुझी आई कुठल्या बीचवर जाते?" दोघे हसले, एक रागावला. चौथा, धिप्पाड, पिकल्या दाढीचा, म्हणाला, "आई नाही राहिली, आंटी. पण माझी मावशी रोज एकाच बीचवर असते. तिचा बारच आहे तिथे."

"तिथे वॉशरूम आहे?"

"आहे."

"सावली?"

"बदामाचं झाड आहे."

"चल मग."

मनूच्या लाल फुलीचाच तो बीच निघाला, याला मी काय करणार?

एक अडचण होती. त्या दिवशी संकष्टी. समुद्रापार गेलं म्हणून गणपती सूट देत नाही. त्यामुळे लोक बार निवडतात ते संगीत बघून, मी निवडत होते ते उपासाला काय मिळतं ते बघून. वाळूवर ओळीने लाकडी टपऱ्या. पहिल्यात गाणी इतकी मोठ्याने की छातीतलं कुठलं नि ढोलाचं कुठलं कळेना. आमच्या जहाजावरची तरुण पोरं तिथे नाचत होती. दुसऱ्यात स्टुलांऐवजी दोरीचे झोपाळे टांगलेले. हौसेने बसले. बसले म्हणजे मागे गेले, आणि पाय आभाळाकडे. दोन जर्मन बायकांनी मला सरळ केलं. त्यांनाही मी विचारून घेतलं, काय खाल्लंत म्हणून. मासे, म्हणाल्या. तिथून उठले.

टोकाला बदामाचं झाड आणि त्याखाली मावशीबाईंची टपरी, निळी, पत्र्याची. बाई माझ्याच वयाची, डोक्याला पिवळा फडका, कमरेवर हात. सगळे तिला मिस ऑलिव्ह म्हणतात.

"काय खाणार?" तिने विचारलं.

"मासे नको, मटण नको, भात नको, पाव नको, कांदा नको, लसूण नको. आज देवाचा उपास आहे."

तिने मला वरून खाली पाहिलं. "मग त्या दिवशी तुम्ही जगता कशावर?"

"बटाटा, रताळं, शेंगदाणे, तूप, केळी, खजूर, दही, साबुदाणा..."

"बाई गं," ती म्हणाली, "आमच्याकडे याला सण म्हणतात."

आणि मग तिने टोपलीतून एक लांबडं, मातकट मूळ काढून पुढे ठेवलं. कसावा, म्हणाली. अगं शके, आपला साबुदाणा ह्याच कंदाचा! आयुष्यभर त्याची पोरंबाळं खाल्ली, आई आत्ता भेटली. तिने तो उकडून, खोबरं घालून तव्यावर जाड थालीपिठासारखा भाजून दिला. मी पर्समधले वेलदोडे काढून दोन तिच्या हातावर ठेवले. कागद पुन्हा आत गेला. तेव्हा जरी उलगडून वाचला असता!

सोबत तिने लाल रंगाचं सरबत दिलं, वर जायफळ किसलेलं. मी विचारलं, "कशाचं?"

"लिंबू, संत्रं, ऊस."

ऊस उपासाला चालतो. पहिल्या घोटाला कान गरम झाले. मी पुढे चौकशी केली नाही. फार चौकशी केली की पुण्य उरत नाही. दुसरा ग्लासही उसाचाच होता.

मग गप्पा रंगल्या. ऐक, तिची मुलगी कुठे असेल? स्कारबरोत! माझ्या बसच्या रूटवर. आणि काय म्हणते ती मुलगी? "मम्मी, बार विक, इकडे ये, बेसमेंट तयार आहे." मी टेबलावर हात आपटून हसले. जगातल्या सगळ्या मुली बेसमेंट बांधून बसल्या आहेत आयांची वाट बघत!

"तुझ्या बेसमेंटला खिडकी आहे?" तिने विचारलं.

"आहे. बूट दिसतात."

"माझ्या मुलीच्या खिडकीतून कचऱ्याचा डबा दिसतो. तू नशीबवान."

सलवार वर खोवून दोघी पाण्यात गुडघ्यापर्यंत उभ्या राहिलो. पाणी कोमट, पायाला गुदगुल्या. शेजारच्या टपरीत एक बाई सकाळपासून एकटीच होती. सुपाएवढी टोपी, काळा चष्मा, आणि एवढ्या उन्हात टॉवेल हनुवटीपर्यंत ओढलेला. मला वाटलं, असेल कुणी क्वेबेकची, ऊन सोसत नसेल. हात हलवला मी तिला. तिने टोपी अजून खाली ओढली.

परत खुर्चीवर येऊन बसले, तर मिस ऑलिव्ह म्हणाली, "तुझं जहाज कितीला?"

"साडेचारला आत जायचं. वेळ आहे."

"कसला वेळ? चारला दहा कमी."

मी घड्याळ पाहिलं. एक वीस. त्यात दीड तास, दोन पन्नास. "तुमचं घड्याळ पुढे आहे," मी ठणकावलं. "तीनला दहा कमी."

तिने वाद घातला नाही. नुसतं बोट दाखवलं. पहिल्या टपरीतलं संगीत बंद. नाचणारी पोरं नाहीत. झोपाळे रिकामे, जर्मन बायका गेलेल्या. एक माणूस खुर्च्या एकावर एक रचत होता. पूर्ण किनाऱ्यावर जहाजाचं माणूस म्हणजे मी आणि ती टोपीवाली.

तेव्हा मी वेलदोड्यांचा कागद उलगडला. "आज रात्री घड्याळं एक तास पुढे करावीत." बेटाची वेळ आमच्या टोरंटोच्या एक तास पुढे, आणि जहाजाने बेटाची वेळ लावलेली. सगळ्या जहाजाने घड्याळं फिरवली, माझं तेवढं साताऱ्यात!

उसाचं सरबत क्षणात उतरलं. डोळ्यांसमोर ते बूट दिसायला लागले.

मिस ऑलिव्हने भाच्याला फोन लावला, तर त्याची टॅक्सी बेटाच्या दुसऱ्या टोकाला. तिने कमरेचं ॲप्रन सोडलं, किल्ली काढली. "चल."

"कोण चालवणार?"

"मी. नवरा गेल्यापासून मीच चालवते. तो होता तेव्हा तो रस्ता चुकायचा."

जुना पिकअप, मागे नारळ, कसाव्याची पोती आणि बर्फाचा डबा. बाईने असा काही गिअर टाकला की माझी बोटं डॅशबोर्डात रुतली. पहिल्या वळणावर रस्त्याच्या मधोमध कुणीतरी दोन्ही हात हलवत पळत येत होतं. सुपाएवढी टोपी.

"ही बाई सकाळपासून तुझ्यावर नजर ठेवून आहे," मिस ऑलिव्ह म्हणाली. "पोलीस आहे का?"

टोपी उडाली. नाक टोमॅटोसारखं भाजलेलं. आमची मनू!

"आई! थांब! मला टॅक्सी मिळत नाहीये!"

पुढे जागा नव्हती. मनू मागे नारळांवर चढली आणि मधल्या खिडकीतून भांडायला लागली. "पाऊण तास बघतेय मी, तू उठतच नाहीस! किती वाजलेत कळतंय का?"

"मग येऊन सांगायचं नाहीस?"

"सांगितलं असतं तर मी शर्त हरले असते!"

"आणि जहाज गेलं असतं तर?"

"तर तू हरली असतीस!"

मिस ऑलिव्हला मराठी ओ की ठो कळत नव्हतं, पण ती इतकी हसली की पिकअप खड्ड्यातून गेला आणि एक नारळ मनूच्या मांडीवर आला. तो तिने शेवटपर्यंत धरून ठेवला, पोरासारखा.

बंदराशी उतरलो तेव्हा साडेचारला दोन मिनिटं होती. कशाबशा पळालो. खरं सांगू, पळाले मी, मनूला ओढत. अनवाणी होती ती, चप्पल वाळूत राहिली. पहारेकऱ्याने कार्ड तपासताना विचारलं, "कोण कुणाला सांभाळतंय?"

रात्री जेवताना मनूने एकदम विचारलं, "त्या सरबतात रम होती ना?"

"ऊस होता."

"आई!"

"तू मागे येणार नव्हतीस ना? मग तुला सरबत कसं माहीत?"

तिच्या भाजलेल्या नाकाला मी दही लावलं. आणि तेव्हा मला आठवलं, तिच्या शाळेच्या पहिल्या दिवशी मीही अशीच फाटकासमोरच्या वाण्याच्या दुकानात पोत्यामागे बसले होते, तिने बघू नये म्हणून. डबा खाल्ला की नाही ते बघायला. त्या टोपीखाली बसून पोरीने पूर्ण दिवस काय काय मनात आणलं असेल! तिला ते पोत्याचं सांगितलं मात्र नाही. सगळेच पत्ते दाखवायचे नसतात.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी तिनेच विषय काढला. "कांडो ठेव. पण एक अट. घड्याळ बदल."

"कांडो ठेवते," मी म्हटलं. घड्याळाचं काही बोलले नाही.

टोरंटोला उतरलो तेव्हा उणे पंधरा. कोट खांद्यावरून अंगात आले. लव्हालला निघण्याआधी मनूने विमानतळावरच एक घड्याळ घेऊन माझ्या उजव्या हातात बांधलं, मोठ्या आकड्यांचं, इथल्या वेळेचं. घालते मी ते. रोज रात्री नऊला तिचा फोन येतो, "आई, किती वाजले?" मी बरोबर सांगते. तिलाही बरं वाटतं, मलाही. बेसमेंट हा शब्द अजून निघालेला नाही. तिने तिथे व्यायामाचं यंत्र आणून ठेवलंय म्हणे.

जूनमध्ये मिस ऑलिव्ह मुलीकडे येणार आहे, पंधरा दिवसांसाठीच, तसं तिने मुलीला आधीच बजावलंय. तिला साबुदाण्याची खिचडी खायची आहे, आणि हा उपास असतो यावर तिचा अजून विश्वास नाही. साक्षीदार म्हणून तू हवीस. व्हिसाला लगेच अप्लाय कर, गुडघ्याचं निमित्त सांगू नकोस, आमच्याकडे लिफ्ट आहे. सोफा उघडला की पलंग होतो. ये गं लवकर. डाव्या हातातलं घड्याळ अजून साताऱ्यातच आहे. तू इथे आलीस की मगच त्याला इथली वेळ लावेन.