बारकू मुकादम झाला तेव्हा

बारकू हरसूलकडच्या डोंगरातला. इगतपुरीच्या घाटात रुळांची देखभाल करणाऱ्या टोळीत तो बारा वर्षं होता. पहारीनं रूळ सरकवताना सगळ्यांचा जोर एकदम लागावा म्हणून तो हाळी द्यायचा आणि बाकीचे 'हैशा' म्हणायचे. दुपारी त्याची आणि टोळीतल्या काळूची भाकरी एकाच फडक्यात असे.

१९३३ साली टोळीचे मुकादम निसारचाचा म्हातारपणामुळे काम सोडून मनमाडला लेकीकडे गेले. साहेबानं बारकूला मुकादम केलं. पहिल्याच दिवशी काळू त्याला 'बारक्या' म्हणायचा थांबला. बारकूला वाटलं, थट्टा करतोय. पण दुपारी तो झाडाखाली गेला, तर माणसं सरकून बसली आणि बोलणं बंद झालं.

मग तोही चिडू लागला. दरारा नसेल तर काम होणार नाही असं त्याला वाटे. तो ओरडे, आणि माणसं मुकाट्यानं, सांगितलं तेवढंच करत. एका सकाळी काळू तासभर उशिरा आला. बारकूनं सगळ्यांसमोर त्याला झापलं आणि खाडा धरला. काळू पहार उचलून कामाला लागला. त्याच्या बायकोला, भागीबाईला, चार दिवस ताप होता, हे बारकूला बाजारात तिसऱ्याच माणसाकडून कळलं.

तो तसाच काळूच्या घरी गेला. भागीबाई भिंतीला टेकून पेज पीत होती.

"मला सांगितलं का नाय?" बारकूनं विचारलं.

"बारक्याला सांगितलं असतं," काळू म्हणाला. "मुकादमाला कसं सांगू?"

त्या रविवारी बारकू मनमाडला गेला. चाचांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुमच्याशी आम्ही सगळे बोलायचो, चाचा. कसं जमवलंत?"

चाचा हसले. "बोलायचात? कामाचं बोलायचात, बेटा. तुम्ही झाडाखाली हसायचात, तेव्हा मी लांब बसून ऐकायचो. मलाही यावंसं वाटायचं."

बारा वर्षांत हे बारकूच्या ध्यानातही आलं नव्हतं.

"मग मी काय करू?"

"हुकूम देण्याआधी विचारत जा. चूक झाली तर कबूल कर. जुने दिवस मात्र मागू नकोस."

सोमवारी बारकूनं टोळीसमोर काळूची माफी मागितली. त्या दिवसापासून काम सुरू करण्याआधी तो प्रत्येकाजवळ जाऊन घरचं विचारू लागला. आधी माणसं 'बरं हाय' एवढंच म्हणत. पावसाळ्यात दरड कोसळली तेव्हा मात्र यादव नावाचा अबोल गडी आपणहून म्हणाला, "मुकादम, वरचा दगड सुटलाय, आधी तो काढू." बारकूनं त्याचं ऐकलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

१९३८ साली साहेबानं कसाऱ्याच्या टोळीसाठी मुकादम मागितला. बारकूनं काळूचं नाव दिलं. टोळीत त्याच्याइतका जाणता दुसरा नव्हता, आणि जवळचाही. निघताना काळूनं विचारलं, "तिकडं पहिलं काय करू?"

"रोज सकाळी माणसांची विचारपूस कर," बारकू म्हणाला. "तुझी कुणी करल, याची वाट नको पाहू."

काळू घाट उतरून गेला. पुढं कसाऱ्याहून मालगाडी येऊन थांबली की बारकू गार्डाला विचारी, "आमचा काळू बरा हाय ना?"

गार्ड बहुतेक वेळा म्हणे, "दिसला नाही."