चांदवडच्या वाटेवरच्या चौकटी

दादाची वाचा गेली, हात मात्र वाचला. पक्षाघातानंतर त्याला समोरचे शब्द वाचून उतरवता येतात, पण स्वतःचं काही बोलायला गेला की 'हां' आणि 'नाय' एवढंच बाहेर पडतं. जन्मभर त्याने नाशिकच्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या, आणि आजारानंतर ब्रशला हात लावला नाही. तो पुन्हा चित्रं काढायला बसावा म्हणून मी पन्नाशीत कॉमिक्सची स्क्रिप्ट लिहायला शिकू लागलो. मी लिहायचं, त्याने काढायचं.

खरं सांगतो, यामागे मनाला लागलेली एक बोच होती. दवाखान्यात डॉक्टर त्याला विचारायचे, आणि उत्तर मी द्यायचो. दुखतंय का, झोप लागते का, सगळ्याचं. तो हां-नाय म्हणू शकत होता, तरीही. तो नुसता माझ्याकडे बघत राहायचा.

गोष्ट माझ्याजवळ तयार होती. लहानपणी कांदा घेऊन चांदवडच्या बाजाराला निघालेली आमची बैलगाडी. पहाटेच्या धुक्यात डोंगर पुसून गेलेले. गोणींवर आम्ही दोघं भाऊ, पुढे बसल्या जागी पेंगणारे वडील. मग माझाही डोळा लागला, आणि जाग आली तेव्हा बाजार आला होता. बैलांनीच आम्हाला आणून सोडलं, असं मी कितीतरी लग्नकार्यांत रंगवून सांगितलंय. सांगताना अजूनही अंगाखाली गोणी डुलतात, कांद्याचा कोरडा वास येतो, आणि वाटतं, ती गाडी धुक्यातून अजून चाललीच आहे.

पहिलं पान घेऊन पंचवटीत त्याच्या घरी गेलो. प्रत्येक चौकट मी ओळींनी भरून टाकली होती. पाट्या रंगवणारा आधी अक्षरं आखतो आणि उरलेल्या जागेत चित्र बसवतो. दादाने तसंच केलं. माझा शब्द न् शब्द सुबक अक्षरात उतरवला. उरलेल्या कोपऱ्यात बैलाचं शेपूट तेवढं मावलं.

वहिनीला हसू आवरेना. "भाऊजी, बैल कुठे गेले हो? तुमचं बोलणं ऐकून पळाले वाटतं!"

दादाही हसला. मग त्याने पेन्सिलींचा डबा मिटला आणि कपाटावर ठेवून दिला. पुढे कितीतरी दिवस तो डबा खाली आला नाही. वहिनीनेच हे फोनवर सांगितलं. इतक्या महिन्यांनी उघडलेला डबा मीच बंद करवला होता. आता तो कायमचा बंद राहिला तर?

कॉलेज रोडवरच्या माझ्या स्क्रिप्टच्या वर्गात शिकवणारी मुलगी माझ्या लेकीएवढी. तिने पान बघितलं. "काका, स्क्रिप्ट चित्रकारासाठी असते. धुकं आहे एवढं त्याला सांगा आणि गप्प बसा. एखादी चौकट त्याच्यावर सोडा की."

मी पुन्हा लिहिलं. पहिली चौकट: धुकं, गाडी पाठमोरी. दुसरी: गोणींवर दोन मुलं, धाकटा बडबडतोय. तिसरी: वडील पेंगताहेत. चौथीपुढे लिहिलं: दादा, तुला आठवतं ते.

रविवारी सकाळी दादाने ओळींवरून बोट फिरवत सगळं वाचलं. चौथीपाशी बोट बराच वेळ थांबलं. मग त्याने वहिनीला खूण केली, तिने डबा खाली काढला. गॅलरीत कोवळं ऊन होतं. पेन्सिलीची खरखर ऐकत बसलो. त्याने कागद बराचसा कोराच ठेवला होता, आणि त्या कोऱ्या जागेत खरोखर धुकं दाटत होतं. मला पेंग येतेय की काय असं वाटलं.

चौथ्या चौकटीत वडील झोपलेले. गोणींवर मी झोपलेलो. पुढे पाय खाली सोडून बसलेला एक पोरगा, आणि कासरा त्याच्या हातात.

"म्हणजे गाडी तू हाकलीस?"

"हां."

"बैल आपोआप नाही गेले?"

"नाय."

"अरे, मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

त्याने खांदे उडवले. स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाली, "तुम्ही बोलू दिलं असतं तर ना, भाऊजी!"

ती हसत म्हणाली. मला मात्र मान वर करता येईना. दादाने नवा कागद ओढला, एक रिकामी चौकट आखली आणि माझ्याकडे बघितलं. पुढचं मी लिहायचं होतं.

"मी झोपलो होतो, दादा," मी म्हणालो. "मला काहीच माहीत नाही. तूच काढ."

त्याने पेन्सिल टेकवली. धुक्यात एक फाटा उमटला, फाट्यावर कुणीतरी उभं होतं. कोण ते मी विचारलं नाही.