कुंकू लावलेली रिंग

ट्रकचा टायर चाकावर धरून ठेवणारी लोखंडी रिंग सुटली, टायर बसवणाऱ्या नव्या पोराच्या कानाजवळून वर गेली आणि छपराचा पत्रा फाडून बाहेर पडली. मी त्याच छपराखाली भजी तळत होते. हातातला झारा कढईत पडला.

चाकणच्या नाक्यावर टायर बसवायच्या कामाला लागून त्याला आठच दिवस झाले होते. चाकालासुद्धा तो ‘अहो, सरका’ म्हणायचा. मला तो बावळटच वाटायचा.

उस्ताद ट्रकखालून बाहेर आला. “अरे बाबा, हवा भरताना रिंग जमिनीकडे ठेव म्हणून रोज सांगतो ना?”

“आज खंडेनवमी हाय, उस्ताद. सकाळीच पूजा केली. कुंकू लावलेलं तोंड मातीत कसं घालू?”

“मग चढ आता पत्र्यावर, देवीला खाली आण!”

मला हसू आवरेना. तो हसला नाही. त्याने दुसरं चाक ओढलं, रिंगेवरचं कुंकू शर्टाच्या बाहीने पुसलं, “माफ करा” म्हणाला आणि रिंग जमिनीकडे करून हवा भरू लागला.

त्या दुपारी छपराखाली तो, उस्ताद आणि मी होतो. तिघंही जगलो.