फाल्गुनातला गारठा

कै. गोरक्षनाथ गुरुजींची व माझी ओळख श्रीरामपूरजवळच्या आमच्या वस्तीवरील प्रौढ साक्षरता वर्गात झाली. बायबल स्वतः वाचता यावे, या हेतूने मी साठी उलटल्यावर तेथे दाखल झाले; ते शिकवीत. स्मरणिकेसाठी त्यांच्याविषयी लिहावे, असे त्यांची नात स्नेहल हिने मला सांगितले. मला त्यांच्याविषयी आदर नव्हता, हे मी तिला आधीच कळविले आहे.

गुरुजी पूर्वी एका साप्ताहिकाचे वार्ताहर होते. खिशाला दोन पेन आणि मानेत ताठा अखेरपर्यंत होता. वाचनाच्या सरावासाठी ते आपल्याच बातम्यांचे जुने अंक आणीत. त्या बातम्यांत गरीब माणूस मेला की तो ‘गारठून’ मरे. स्टँडवरची म्हातारी गारठून, बांधावरचा मजूरही गारठून. बागायतदार मात्र कधी गारठला नाही. त्याला ‘अल्पशा आजाराने देवाज्ञा’ होई. मला न अडखळता वाचता आलेला पहिला मोठा शब्द ‘गारठून’ हाच.

एके दिवशी माझ्या पाळीला मी मोठ्याने वाचले, "शेतमजूर शांतवन यांचा कडाक्याच्या थंडीने गारठून मृत्यू."

शांतवन माझे यजमान. मालकाच्या उसाला पहाटे पाणी द्यायला गेले आणि मोटारीच्या उघड्या वायरीचा शॉक लागून वारले. त्यांचा भाजलेला हात मी स्वतः धुतला होता. तरी दारू पिऊन उघड्यावर पडला असेल, असे गाव बोलले. माझी मुले ते ऐकत मोठी झाली. ते बोलणे कोठून उठले, हे मला त्या दिवशी समजले.

शेजारच्या साळूबाईंनी त्याच पानावर बोट ठेवले. "गुर्जी, हितं तर होळीच्या गवऱ्या चोरल्याचं छापलंय. शिमग्यात मानूस गारठतो व्हय? आमी तवा अंगनात झोपतो!"

वर्ग हसला. मी हसले नाही.

"वायरीचं तुम्हाला ठाऊक होतं का?" मी विचारले.

"होतं." गुरुजींनी चष्मा पुसला. "मार्थाबाई, थंडीवर कोणी केस करत नाही. खरं छापलं असतं तर मालकानं मला त्या गावात राहू दिलं असतं का?"

"मला राहावंच लागलं की."

फळ्यावर खरे कारण लिहा, एवढेच मी मागितले. त्यांनी खडू उचलला, तारीख लिहिली आणि वर्ग सुटल्याचे सांगितले.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक पाळीला मी तीच बातमी वाचली. मात्र ‘थंडीने गारठून’ न म्हणता ‘उघड्या वायरीचा शॉक लागून’ असे म्हणत असे. गुरुजी इतरांच्या चुका लगेच दुरुस्त करीत. माझी त्यांनी कधी केली नाही, आणि फळ्यावरही कधी काही लिहिले नाही. ते गेल्याचे दुःख मला झाले नाही. न लिहिता गेले, याचे झाले.

आजारी पडण्यापूर्वी एकदा, वर्ग भरण्याआधी, ते माझ्या सतरंजीपाशी आले होते.

"मार्थाबाई," ते म्हणाले, "आज माझी नात वर्ग बघायला येणार आहे. तेवढी बातमी मनात वाचा."